फळ्यावरचा तालुका

"टेकाळे, हे वाचा. मोठ्याने नको, मनातल्या मनात वाचा," असं म्हणत रणखांब बाईंनी माझ्या टेबलावर एक गुलाबी कार्ड ठेवलं.

आता मनातल्या मनात वाचणं मला जन्मात जमलेलं नाही. आंबेसांगवीच्या एस.टी. स्टँडवर मी कंट्रोलर होतो, बावीस वर्षं माईकवर गाड्या सोडल्या. माझी बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा फलाट नंबर सांगता. तेव्हा मी आपल्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "'आंबेसांगवी तालुक्याचा इतिहास'. लेखक, प्राचार्य पद्माकर सोनटक्के. प्रकाशन समारंभ, येत्या रविवारी दुपारी एक वाजता, बाजार समितीची शेड..."

कार्डावर शेवटची ओळ होती : सूत्रसंचालन, श्री. अंबादास टेकाळे.

"बाई, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "प्राचार्यांचा माणूस येऊन म्हणाला, एक कार्यक्रम आहे, तुमचा आवाज पाहिजे. मी हो म्हणालो. कशाचा कार्यक्रम, तेसुद्धा विचारलं नाही. आणि लेखक सोनटक्के? हे पुस्तक तर तुमचं आहे!"

"हळू बोला. लोक बघताहेत," बाई म्हणाल्या.

लोकांनी बघावं म्हणूनच मी मोठ्याने बोलत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

रणखांब बाई कोण, ते सांगितलं पाहिजे. प्रयाग रणखांब, डोंगरहिवऱ्याच्या शाळेवर शिक्षिका. राहायला आंबेसांगवीत, रोजचं अप-डाउन. सकाळची सात दहाची गाडी, आणि ती गाडी सात तीसच्या आत आली तर आम्हीच चकित व्हायचो. ही वीस मिनिटं बाईंना सहन व्हायची नाहीत. वाट बघत बसणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. एके दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तुमचा तो सूचनांचा फळा बहुतेक रिकामाच असतो. मी त्यावर रोज चार ओळी लिहिल्या तर चालेल का?"

"सुविचार?" मी विचारलं.

"नाही हो. सुविचार कुणी वाचत नाही. या तालुक्याचा इतिहास."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. बाई सहा वर्षं लिहीत होत्या! सुट्टीच्या दिवशी गावोगाव पायी फिरायच्या, म्हाताऱ्यांशी बोलायच्या, देवळांच्या पायऱ्या मोजायच्या, आणि सकाळी त्या वीस मिनिटांत खडूने आठ-दहा ओळी लिहायच्या. गाडी आली की खडू पिशवीत. एकदा वाक्य अर्धंच राहिलं, 'आणि त्या रात्री गढीच्या दारात' एवढंच. तर दिवसभर कंडक्टर मला विचारत होते, साहेब, गढीच्या दारात काय झालं? मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातलाच फळ्यापुढे गर्दी.

वाचता न येणारी माणसं मला म्हणायला लागली, साहेब, जरा वाचून दाखवा की. मग मी माईकवरच वाचायला लागलो. दिवसातून चार वेळा, गाड्यांच्या मधे. दुसऱ्या दिवशी बाई आदला मजकूर पुसायच्या आणि नवा लिहायच्या. रविवारी शाळा नाही, म्हणून शनिवारचा मजकूर रविवारच्या बाजारालाही राहायचा, तर बाई शनिवारी ठेवणीतलं लिहायच्या. आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी इतिहासाची सुरुवात पुन्हा लिहायच्या. म्हणायच्या, नवीन माणसं आलेली असतात, त्यांना मधूनच कसं कळणार?

फळ्यावर लिहिलेलं लोकांनी मान्य केलं की बाई ते घरी वहीत उतरवून काढायच्या. जाड, पुठ्ठ्याची, एकच वही. शेवटचं प्रकरण खारीपिंपळच्या दगडी बंधाऱ्याचं होतं. ते लिहिलं त्याच शनिवारी, लोकांची वाट न बघता, बाईंनी ते वहीत उतरवलं आणि संध्याकाळी वही प्राचार्य सोनटक्क्यांना नेऊन दिली. प्रस्तावनेसाठी. उतावीळपणा झाला, हे त्या स्वतःच नंतर म्हणायच्या. प्राचार्य म्हणजे तालुक्यातला मोठा माणूस, त्यांच्या दोन शब्दांनी पुस्तकाला वजन येईल, एवढाच बाईंचा विचार.

त्यानंतर दीड वर्ष 'बघतो', 'सवडीने वाचतो', आणि शेवटी 'अहो बाई, कुठे ठेवली गेली ते सापडतच नाही हो'. आणि आता हे गुलाबी कार्ड.

"तुम्ही तिथे येऊन सगळ्यांसमोर सांगा," मी बाईंना म्हणालो.

"काय सांगू? माझ्याकडे एक कागद नाही. वही त्यांच्याकडे. फळ्यावरचं रोज मी माझ्या हातांनी पुसलं. प्राचार्य एका बाजूला आणि खेड्यातली मास्तरीण दुसऱ्या बाजूला. लोक कुणाचं खरं मानतील?" बाईंनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. "सहा वर्षं गेली, टेकाळे. मला एवढंच पुस्तक लिहायचं होतं आयुष्यात. दुसरं काही मागितलं नव्हतं मी."

"मग मीसुद्धा जात नाही. मरू दे तो कार्यक्रम."

"जा तुम्ही. शब्द दिलाय. आपल्याकडून तरी शब्द मोडायला नको," असं म्हणून बाई गाडीत जाऊन बसल्या. त्या दिवशी फळा कोराच राहिला.

मी दिवसभर चिडचिड केली. कंडक्टरांवर ओरडलो, कँटीनवाल्याला चहा परत पाठवला. आणि तीनच्या सुमाराला, माईक हातात असताना, माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. प्राचार्यांकडे जीप होती. त्यांचा पाय कधी स्टँडला लागला नव्हता. फळा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता!

रविवारी सकाळी सातपासून मी माईकवर सुरू झालो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आज दुपारी एक वाजता बाजार समितीच्या शेडमध्ये आपल्या तालुक्याच्या इतिहासाच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. आपल्या फळ्यावर असतो तोच इतिहास. सर्वांनी यावे." एवढंच. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. दर गाडीला एकदा, म्हणजे सहा तासांत किती वेळा झालं ते तुम्हीच बघा. बाजाराला आलेली माणसं विचारायची, "बाईंचं पुस्तक आलं का?" मी म्हणायचो, "या आणि बघा."

शेड भरून गेली. हमाल, कंडक्टर, दूधवाले, मेंढरं बाहेर बांधून आलेले धनगर, भाजीच्या पाट्या मांडीशी घेऊन बसलेल्या बाया. प्राचार्य सोनटक्के पांढऱ्या सफारीत आले आणि ही गर्दी बघून त्यांचा चेहरा खुलला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टेकाळे, एवढं पब्लिक येईल असं वाटलं नव्हतं हो!"

"मलाही नव्हतं वाटलं, सर," मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणून पंचायत समितीचे सभापती होते. साधा, कमी बोलणारा माणूस, स्वतः कधीकाळी स्टँडवर पेरू विकलेला. टेबलावर पुस्तकांचे पाच गठ्ठे, लाल फितीने बांधलेले. हार झाले, नारळ झाले. मग मी माईक घेतला.

"आता मी प्राचार्य साहेबांना विनंती करतो, की फीत सोडण्याआधी त्यांनी आपल्या पुस्तकाचं पहिलं पान स्वतःच्या आवाजात वाचून दाखवावं."

प्राचार्यांनी हातातली प्रत उघडली, चष्मा लावला आणि वाचलं, "खारी नदी या तालुक्यात येते ती रागावून..."

"...आणि जाते ती दमून," पहिल्या रांगेतला सुदाम हमाल म्हणाला. सहज म्हणाला, देवळात आरतीचं पुढचं कडवं तोंडात यावं तसं.

लोक हसले. प्राचार्यही हसले. पुढे वाचायला लागले, "तिच्या रागाच्या काठावर..."

"मेंढपाळांची गावं आहेत," मागून धनगरांचा आवाज आला, "आणि दमलेल्या काठावर शेतकऱ्यांची."

आता प्राचार्य थांबले. पण शेड थांबेना! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. बाया, बापे, कंडक्टर, सगळी शेड एका सुरात म्हणत गेली : "मध्ये आंबेसांगवी आहे. इथे कुणीच मूळचं नाही. जो आला तो पाण्यासाठी थांबला, आणि पाणी आटलं तरी माणसांसाठी राहिला." पत्र्याची शेड दणाणली. बावीस वर्षांत माझ्या आवाजाने जे केलं नव्हतं ते त्या दिवशी त्या माणसांनी केलं.

सभापतींनी टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. "प्राचार्य, गठ्ठे तर अजून बांधलेलेच आहेत. मग हे लोकांना पाठ कसं?"

"रणखांब बाईंचं हाय ते!" सुदाम ओरडला. "फळ्यावरचं!"

पाचपन्नास आवाज उठले. प्राचार्यांनी हात वर केला. एक मानावं लागेल, माणूस डगमगला नाही. शांतपणे म्हणाले, "मंडळी, गैरसमज होतोय. रणखांब बाई माझ्याकडे मार्गदर्शनाला येत असत. माझी टिपणं घेऊन जात. त्यातलंच काही त्यांनी स्टँडवर लिहिलं असेल. मी कधी हरकत घेतली नाही. ज्ञान सगळ्यांचं असतं."

काहींनी माना डोलावल्या. काय गोड बोलला तो! क्षणभर मलाच वाटलं, झालं, खेळ संपला. त्याच वेळी माझं लक्ष शेडच्या टोकाला गेलं. वजनकाट्याच्या आडोशाला बाई उभ्या होत्या. येणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो, पण त्यांचे पाय राहिले नव्हते. प्राचार्यांचं ते वाक्य ऐकून त्या वळल्या आणि निघाल्या.

मी माईक सोडला नाही. "सर, लोकांची फार इच्छा आहे. शेवटचं प्रकरण, खारीपिंपळच्या बंधाऱ्याचं, तेवढं वाचून दाखवा."

"आता वेळ..."

"वाचा की," सभापती म्हणाले.

प्राचार्यांनी पानं उलटली आणि वाचलं, "खारीपिंपळचा दगडी बंधारा हे देशमुख घराण्याचे तालुक्यावरील थोर उपकार होत. आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ देशमुखांनी तो आरंभिला आणि स्वतः उभे राहून पूर्णत्वास नेला..."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मग बायांच्या घोळक्यातून तिमाबाई उठली. खारीपिंपळच्या वडारवाड्यातली, सत्तरीची, काठी टेकत उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"अवं सायेब, ते तर बाईनं पुसलं की!"

जो काही हशा झाला म्हणता! पत्रे उडतात की काय असं वाटलं. सभापतींनी हात करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "आजी, पुसलं म्हणजे काय? नीट सांगा."

तिमाबाईने सांगितलं, आणि जिथे ती अडली तिथे शेडने सांगितलं. तो देशमुखांचा मजकूर बाईंनी एका शनिवारी फळ्यावर लिहिला होता. रविवारी तिमाबाई बाजाराला आली, मी माईकवर वाचत होतो, आणि ही म्हातारी माझ्या खिडकीच्या गजांवर काठी आपटायला लागली. "खोटं हाय! देशमुख अर्ध्यावर सोडून गेला. आमच्या वाड्यातल्या सात बायांनी पुरा केला. माझी आजेसासू यल्लव्वा त्यात व्हती." मी बाईंना निरोप धाडला. बाई आल्या, तिमाबाईचं सगळं ऐकलं, आणि तिच्याबरोबरच त्याच दुपारच्या गाडीने खारीपिंपळला गेल्या. त्या गावात एक रीत आहे. बंधाऱ्यावरून पहिलं पाणी सांडलं की गावची पहिली ओटी वडारवाड्यातल्या बाईची भरतात, पाटलीणबाईंची नंतर. का, ते गावात कुणाला सांगता येत नव्हतं. तिमाबाईने बाईंना पाण्यात उतरवलं आणि शेवटच्या थरावरचं शेवाळ हाताने खरवडलं. दगडांवर सात पंजे कोरलेले होते, बायकांच्या हाताच्या मापाचे.

सोमवारी सकाळी बाईंनी फळा पुसला आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलं. दिवसभर मी ते वाचत होतो. आमच्या स्टँडवर इतकी चर्चा कुठल्या निवडणुकीचीसुद्धा झाली नव्हती. शिकलेल्या मास्तरणीने एका वडार म्हातारीचं ऐकून आपली चूक अख्ख्या तालुक्यासमोर कबूल केली, ही गोष्ट लोक विसरतात होय? पण वही शनिवारीच प्राचार्यांकडे गेली होती. दुरुस्तीसाठी बाईंनी ती तीनदा मागितली आणि तीनदा हात हलवत परत आल्या.

सभापतींनी सगळं ऐकून घेतलं आणि प्राचार्यांकडे वळून विचारलं, "बाई जर तुमची टिपणं उतरवत होत्या, तर ही दुरुस्ती तुमच्याकडे का नाही?"

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सर," मी माईकवरूनच म्हणालो, आणि माझा आवाज चढला तो चढलाच, "तुम्ही बाईंची अक्कल चोरायला गेलात आणि बाईंनी टाकून दिलेली चूक घेऊन आलात!"

माझं हे बोलणं सूत्रसंचालनात बसत नव्हतं, मान्य आहे. पण मला अजूनही त्याचा पश्चात्ताप नाही.

"बाई कुठायत?" सभापतींनी विचारलं. बायांनी बाईंना फाटकापाशी गाठलं होतं. ओढतच आणलं म्हणा ना. गर्दीतून वाट झाली. मी माईक पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझा माईक आपणहून दुसऱ्याच्या हातात दिला.

बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीची पाटी बघता, आणि जाता जाता एक नजर माझ्या फळ्यावर टाकता. मला वाटायचं मी पुसलं की गेलं..." तीनशे-चारशे माणसांसमोर बाई ढसाढसा रडल्या. तिमाबाईने त्यांना जवळ घेतलं, आणि मग जो तो डोळे पुसायला लागला. मीसुद्धा. लाज कसली त्यात!

सभापतींनी फीत सोडली नाही. म्हणाले, "हे गठ्ठे असेच राहतील. पुस्तक निघेल ते बाईंच्या नावाने, बंधाऱ्याचं पान दुरुस्त करून, आणि त्याचं प्रकाशन या आजीच्या हातांनी होईल." पुढच्या चैत्रात तसंच झालं. पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचं.

सोमवारी सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना प्राचार्य सोनटक्के स्टँडवर आले. चालत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि खालच्या मानेने म्हणाले, "बाईंची वही. त्यांना द्या."

"मी सामान ठेवून घेत नाही, सर. बाई येतीलच आता. तुम्हीच द्या," मी म्हणालो.

ते बाकावर बसले. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. बाई आल्या, प्राचार्य उठून उभे राहिले आणि वही पुढे केली. माफीचं काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी कागद सोडला, वही टेबलावर ठेवली आणि मुलांची वही तपासावी तशी एकेक पान बोटाने उलटत शेवटपर्यंत गेल्या. सगळं स्टँड बघत होतं.

"दोन पानं नाहीत," बाई म्हणाल्या. "पहिलं, माझं नाव असलेलं. आणि आईला अर्पण केलेलं."

"ती... घरी असतील. मी काढून ठेवली होती," प्राचार्य म्हणाले. "पाठवून देतो."

"पाठवू नका. जा, घेऊन या."

आणि प्राचार्य गेले. पहिल्यांदा भराभर चालत, आणि कोपऱ्यावरून चक्क पळत.

त्या दिवशी नशीब बघा, सात दहाची गाडी बरोबर सात दहाला लागली! भरली. बाई दारापाशी उभ्या, वही छातीशी धरून. कंडक्टर शिटी हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. "साहेब, सोडू का?"

"थांब जरा," मी म्हणालो. "बाईंची पानं येऊ देत."

एक मिनिट उशीर झाला तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं ती. सगळी खिडक्यांतून माना बाहेर काढून कोपऱ्याकडे बघत बसली. एकानेही कुरकुर केली नाही.